उघडे सांधे : भारतातील जुळवलेल्या संगणकाची गोष्ट

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने 'क्रुशियल' ही आपली किरकोळ ग्राहकांसाठीची शाखा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांनी कधी स्वतःच्या हातांनी संगणक जुळवला आहे त्यांना हे नाव परिचयाचे आहे. रॅम आणि एसएसडी घेताना दुकानदार ज्या चार-पाच नावांची खात्री देत, त्यांपैकी हे एक. कंपनीने कारण लपवले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून स्मृतिचिपांना आलेली मागणी एवढी वाढली आहे की मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरवणे हेच आता पहिले काम. या केंद्रांतील स्मृती आणि घरच्या संगणकातली रॅम या दोन्हींचा उगम सिलिकॉनच्या चकत्यांतच असतो. चकत्या मोजक्या आणि त्या तयार करणारे कारखाने त्याहून मोजके. जगातील डीरॅमचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. त्यामुळे २०२५च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले.

या बातमीचा फटका ज्याला सर्वांत आधी बसतो तो वाचक आपल्यातच आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, घरातून जेमतेम पन्नास-साठ हजार रुपये मिळालेले, आणि इच्छा अशी की या यंत्रावर खेळ खेळताही यावेत आणि घडवताही यावेत. तो विचारतो, काय घेऊ? उत्तरादाखल त्याला सुट्या भागांची एक यादी मिळते. ती यादी तीन महिन्यांत शिळी होते, कारण डॉलर हलतो, चिपांची पिढी बदलते, एखादे कार्ड बाजारातून नाहीसे होते. यादी कशी करावी हे समजण्यासाठी मला तिच्यामागचा इतिहास अधिक उपयोगी वाटतो, आणि तो इतिहास भारतात नेहमीच्या समजुतीपेक्षा बराच मागे जातो.

आपल्याकडचा पहिला 'जुळवलेला' संगणक मुंबईत तयार झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने १९५५ पासून काम करून १९६० मध्ये जो संगणक कार्यान्वित केला, त्याला पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटच्या कड्यांची, ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या हिशेबाने ती सुमारे दहा किलोबाइट भरते. हे यंत्र बनवणाऱ्यांपैकी कोणीही आधी संगणक बनवलेला नव्हता. भाग मिळवायचे, ते तपासायचे, एकमेकांशी जुळतात का पाहायचे, आणि परकीय चलनाच्या मर्यादेत जे बसेल तेवढ्यातच काम भागवायचे, ही त्यांची रोजची कसोटी होती. अशी यंत्रे एकेकच घडत. त्यांचा एक भाग दुसऱ्या संस्थेच्या यंत्रात बसण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढील दोन दशके भारतात संगणक ही सरकारच्या परवानगीने मिळणारी वस्तू राहिली. १९६७ मध्ये हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिने टीडीसी मालिकेचे संगणक काढले. विदेशी चलन नियमन कायद्याखालील भागभांडवलाची अट न मानता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आली. एचसीएलसारख्या नव्या खासगी कंपन्या याच सुमारास सूक्ष्मप्रक्रियकांवर आधारलेली यंत्रे करू लागल्या. या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही. आपल्या विषयासाठी निर्णायक गोष्ट भारताबाहेर घडत होती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने ५१५० हा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, गती ४.७७ मेगाहर्ट्झ. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाला हे यंत्र वर्षभरात पुरे करायचे होते, आणि एवढ्या घाईत सगळे भाग कंपनीतच घडवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग घेतले. मदरबोर्डवर विस्तारासाठी पाच खाचा ठेवल्या आणि बाहेरच्या उत्पादकांना कार्डे बनवता यावीत यासाठी विद्युतआकृत्यांसह तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. चित्र दाखवणारे सर्किटही मूळ बोर्डावर नव्हते. मोनोक्रोम कार्ड घ्यायचे की रंगीत, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. ग्राफिक्स कार्ड स्वतंत्रपणे निवडण्याची आजची रीत तिथपासूनची आहे.

एकच गोष्ट आयबीएमने आपल्या मुठीत ठेवली होती. यंत्र सुरू होताना चालणारा बायोस हा मूलभूत कार्यक्रम छापलेला होता, पण स्वामित्वहक्काखाली. कॉम्पॅकने तो 'स्वच्छ खोली' पद्धतीने नव्याने लिहिला: एका गटाने बायोस काय करतो याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कार्यक्रम रचायचा. १९८४ मध्ये फिनिक्सने असाच बायोस कोणालाही परवान्याने विकायला काढला. तेव्हापासून पीसी ही एका कंपनीची वस्तू उरली नाही. तिचे सांधे उघडे पडले. ज्याला त्या सांध्यात बसणारा भाग बनवता येईल त्याला बाजार होता, आणि ज्याला ते भाग जोडता येतील त्याला धंदा.

हे उघडे सांधे आणि भारताचे बदलते धोरण यांची गाठ १९८४ मध्ये पडली. राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी, १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, नवे संगणक धोरण जाहीर झाले. खासगी उत्पादकांवरील बंधने सैल झाली, सुट्या भागांवरील आयातशुल्क उतरले. डबे बाहेरून आणायचे, इथे स्क्रू आवळायचे आणि त्याला स्वदेशी म्हणायचे, अशी टीका या धोरणावर झाली. तिला 'स्क्रूड्रायव्हर तंत्रज्ञान' असे बोचरे नावही मिळाले. टीका चुकीची नव्हती. चिप बनवणे हेच खरे मूळ कौशल्य, आणि त्यासाठी उभारलेल्या मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला फेब्रुवारी १९८९ मध्ये आग लागून कारखान्याचा मोठा भाग जळाला. तो धक्का भारताला अनेक वर्षे पुरला. पण स्क्रूड्रायव्हर हाती आलेल्या पिढीलाही काही शिकायला मिळाले, हे टीकाकारांनी फारसे जमेस धरले नाही. कोणता भाग कशाशी जुळतो आणि का जुळत नाही, हे ज्ञान पुस्तकांतून नव्हे तर उघडलेल्या कॅबिनेटसमोर बसूनच मिळते.

याच काळातले याहून मोठे उदाहरण पुण्याचे आहे. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने अधिक ताकदीचे यंत्र नाकारले आणि कमी क्षमतेचा क्रे एक्स-एमपी दिला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यातील प्रोसेसर जगातला सर्वांत वेगवान नव्हता. तो होता ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर, खुल्या बाजारात विकत मिळणारा. या चिपचे वैशिष्ट्य असे की शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी तिच्यातच चार दुवे बांधलेले होते. अशा ६४ नोडांची जोडणी करून भारतीयांनी समांतर महासंगणक बांधला. सर्वोत्तम भाग मिळत नसेल तर मिळणाऱ्या भागांपैकी असा निवडावा की ज्याला इतरांशी जोडता येईल, हा निर्णय तिथे राष्ट्रीय पातळीवर घेतला गेला. संगणकाच्या दुकानात उभा असलेला विद्यार्थी हाच निर्णय घेत असतो, फक्त त्याच्या मागे मंत्रालय नसते.

परम तयार होत होता त्याच वर्षी, १९९१च्या जुलैत, रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. डॉलर एकवीस रुपयांवरून सव्वीसच्या घरात गेला. सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्यांना विनिमयदराचा धडा त्या आठवड्यात मिळाला. भाव छापील राहिले नाहीत. दुकानातले दरपत्रक सकाळी निघू लागले आणि संध्याकाळपर्यंतच खरे धरले जाऊ लागले.

खरा पूर मात्र १९९७ नंतर आला. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञान करार झाला आणि पुढच्या वर्षी भारत त्यात सामील झाला. संगणक, चिपा, मदरबोर्ड, हार्ड डिस्क यांवरील मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे, आणि २००५ पर्यंत ते पूर्ण करण्याचे वचन आपण दिले. देशी भाग-उत्पादकांना याने जबर फटका बसला, हे कबूल करावेच लागेल. ज्यांनी मदरबोर्ड किंवा मॉनिटर येथे बनवायचा घाट घातला होता त्यांना तैवानच्या भावाशी टक्कर देणे जमले नाही. पण दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याची चांदनी आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या बाजारांना याच कराराने आजचे रूप दिले. लॅमिंग्टन रोडचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओचे सुटे भाग विकणारी तिथली दुकाने संगणकाकडे वळली तेव्हा फलकाशिवाय फारसे काही बदलावे लागले नाही. पक्के बिल की कच्चे, कंपनीची वॉरंटी की दुकानाची, हे प्रश्न याच गल्ल्यांत जन्मले आणि अजून तसेच आहेत.

आता खेळांकडे वळू. 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. तो साध्या ४८६ प्रोसेसरवर चालत असे. ग्राफिक्ससाठी वेगळी चिप त्याला लागत नव्हती, सगळी चित्रे प्रोसेसरच रंगवत असे. पण इड सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तो घडवला नेक्स्टच्या महागड्या वर्कस्टेशनांवर. हा तपशील लहान वाटला तरी आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. खेळण्याचे यंत्र आणि घडवण्याचे यंत्र तेव्हा दोन वेगळ्या आर्थिक जगांतल्या वस्तू होत्या. नेक्स्टचा पहिला संगणक १९८८ मध्ये साडेसहा हजार डॉलरना विकला जात होता. भारतातल्या मुलाला डूम खेळता येत होता. डूम बनवण्याचे यंत्र त्याने छायाचित्रातही क्वचितच पाहिले असेल.

१९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि त्याने अपूर्णांकांच्या गणिताचा, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचा, भार पेंटियमवर टाकला. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू चिप निघाली. ती फक्त त्रिमित चित्रे काढी; साध्या चित्रासाठी दुसरे कार्ड ठेवावेच लागे. १९९९च्या ऑक्टोबरात एनव्हीडियाने जीफोर्स २५६ आणताना 'जीपीयू' हा शब्द बाजारात रुजवला, आणि २००१च्या जीफोर्स ३ पासून कार्डावर स्वतःचे लहान कार्यक्रम, म्हणजे शेडर, चालवता येऊ लागले. खेळ घडवणाऱ्यासाठी या क्षणापासून ग्राफिक्स कार्ड हे हत्यार झाले. त्यावर त्याला लिहिता येऊ लागले.

पण खिशाला परवडणाऱ्या संगणकाचा विचार करताना मला १९९८ हे वर्ष फार महत्त्वाचे वाटते. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याची गती ३०० मेगाहर्ट्झ, ती कशी? ६६ मेगाहर्ट्झच्या बसचा साडेचारने गुणाकार. तो गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता, पण बसची गती मदरबोर्डवर ठरत असे. बस १०० वर नेली की साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५०. त्यातली १२८ किलोबाइटची कॅशे स्मृती चिपवरच असल्याने पूर्ण गतीने धावे आणि ही ओढाताण सोसून नेई. यंत्राच्या सर्वांत महागड्या पेंटियम टू प्रोसेसरशी बरोबरी करणारी गती गरिबाच्या चिपमधून निघाली. यासाठी पैसे लागले नाहीत. बस आणि गुणक यांचा संबंध समजणे पुरेसे होते. त्याच वर्षी एएमडीचा के६-२ आला तो जुन्या पेंटियमच्या सॉकेट ७ या सांध्याच्या सुधारित आवृत्तीत बसणारा. इंटेलने मात्र १९९७ मध्येच आपला सांधा बदलून स्लॉट १ केला होता आणि त्यात इतरांना मज्जाव होता. म्हणजे एका कंपनीने सांधा बंद केला, दुसरीने जुना उघडा ठेवला, आणि कमी पैशांचे गिऱ्हाईक अर्थातच उघड्या सांध्याकडे गेले.

हीच गोष्ट वीस वर्षांनी पुन्हा घडली. एएमडीचा एएम४ हा सांधा २०१६ मध्ये आला, २०१७ मध्ये त्यावर रायझन बसला, आणि २०२२ मध्ये कंपनीने पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवण्याची अधिकृत मुभा दिली. २०१७ मध्ये घेतलेल्या स्वस्त बोर्डावर पाच वर्षांनंतरचा सहा कोअरचा प्रोसेसर बसवता आला. इंटेलच्या बाजूला २०१७ मध्येच एलजीए ११५१ या सांध्यात टाचण्यांची संख्या तीच ठेवून जुन्या बोर्डांना नवे प्रोसेसर नाकारले गेले. बजेट संगणकासाठी अजूनही इतक्या याद्यांत एएम४ दिसतो त्याचे कारण गतीपेक्षा हेच अधिक आहे.

दरम्यान घडवणाऱ्याच्या जगात मोठी उलथापालथ झाली होती. २००२ मध्ये ब्लेंडर हा त्रिमित प्रतिमांचा कार्यक्रम लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून सोडवून घेतला गेला आणि मुक्त परवान्याखाली आला. गोडो इंजिन २०१४ मध्ये खुले झाले. २ मार्च २०१५ रोजी एपिकने अनरियल इंजिन विनाशुल्क केले. ठराविक उत्पन्नानंतर पाच टक्के स्वामित्वधन द्या, एवढीच अट. पूर्वी ज्या हत्यारांचा परवाना घेणे लहान गटाच्या आवाक्याबाहेरचे होते ती आता इंटरनेटच्या जोडणीइतकी दूर राहिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान गटाने अनरियलवरच 'राजी' हा खेळ घडवला आणि २०२० मध्ये तो जगभर प्रसिद्ध झाला. हत्यारे फुकट झाल्यावर दार अडवून उभे राहिले ते यंत्र. ते फुकट होणारे नव्हते.

आणि घडवण्याच्या यंत्राची भूक खेळण्याच्या यंत्रापेक्षा वेगळी असते, हे यादी करताना बहुतेक वेळा विसरले जाते. खेळताना एकच कार्यक्रम चालू असतो, आणि त्याच्या कर्त्यांनी तो कमी यंत्रांवर चालावा म्हणून महिनोन्‌महिने घासून घेतलेला असतो. घडवताना इंजिनाचा एडिटर, ब्लेंडर, संहिता लिहिण्याचे साधन आणि पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर असे सारे एकाच वेळी चालू असते, आणि खेळ अजून घासलेला नसतो. सी प्लस प्लसची संहिता संकलित होताना प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. एपिकने अनरियल ५ साठी सुचवलेली रॅम ३२ जीबी आहे आणि ग्राफिक्स कार्डावरील स्मृती ८ जीबी. गोडो याहून कितीतरी कमी मागतो; पैसे थोडे असतील तर इंजिनाची निवड ही हार्डवेअरच्या निवडीइतकीच आर्थिक बाब आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१७ नंतरचा काळ या दृष्टीने शिकवणारा आहे. आभासी चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डांची उचल सुरू झाली, २०१८ मध्ये ओसरली, आणि २०२० च्या अखेरीपासून महामारीतल्या चिपटंचाईशी मिळून पुन्हा उसळली. कार्डे छापील किमतीच्या दुपटीने विकली गेली. तेव्हा अनेकांनी शहाणपणाचा मार्ग धरला. २०२१ मध्ये आलेला रायझन ५ ५६००जी घेतला, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, आणि कार्ड पुढे ढकलले. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते रॅममधूनच घेते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते, जोडीने लावलेल्या दोन पट्ट्या ५१.२. तुलनेसाठी, आरएक्स ६६०० या मध्यम कार्डावरची स्मृती २२४ गिगाबाइट पुरवते. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी लावलेला आणि ८-८ च्या दोन पट्ट्या लावलेला असे दोन संगणक कागदावर सारखे दिसले तरी खेळात त्यांचा फरक उघड जाणवतो.

पुढची गंमत, किंवा शोकांतिका, २०२२च्या जानेवारीत झाली. टंचाईवर उतारा म्हणून एएमडीने आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड आणले. मुळात लॅपटॉपसाठी आखलेल्या चिपवरचे, ४ जीबी स्मृतीचे, आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार मार्गिका असलेले. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीवर चार मार्गिका चालून जातात. तिसऱ्या पिढीवर प्रत्येक मार्गिकेची क्षमता निम्मी होते. आणि ५६००जी हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीवरच थांबतो. म्हणजे ज्याने टंचाईत विचारपूर्वक ५६००जी घेतला आणि नंतर टंचाईसाठीच काढलेले हे कार्ड त्याला जोडले, त्याच्या पदरी दोन्हींचे तोटे पडले. सांधा बसला, पण अरुंद होता. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि वापरलेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात ढिगाने आली. त्यांतली पुष्कळ चांगली निघाली; अहोरात्र चालून पंखे आणि थर्मल पेस्ट संपलेलीही होती.

एका भागाबद्दल इथेच बोलून घेतो, कारण इतिहासकारही त्याची उपेक्षा करतात. तो म्हणजे एसएमपीएस. १९९५च्या एटीएक्स मानकाने त्याचा आकार आणि जोडण्या ठरवून दिल्या, त्यामुळे कोणताही एसएमपीएस कोणत्याही कॅबिनेटात बसू लागला. उघड्या सांध्याचा हा तोटाही आहे: बसतो म्हणून काहीही बसवले जाते. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणाऱ्या डब्यावर छापलेले वॅट आणि त्यातून खरोखर निघणारे वॅट यांत अंतर असू शकते, आणि आपल्याकडे विजेचे चढउतार आणि उन्हाळ्याचे तापमान ते अंतर उघडे पाडतात. पैसे कमी असताना कात्री बहुतेक वेळा इथेच चालते. ती इथे चालवू नये. कॅबिनेट साधे घ्या, रंगीत दिवे सोडा.

सरकारच्या धोरणाचा वावर आजही संपलेला नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप, टॅबलेट आणि तयार संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालणारी अधिसूचना निघाली. ती पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून तिच्या जागी नोंदणीची सौम्य व्यवस्था आली. सुटे भाग तिच्या कक्षेत नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये साणंद येथील मायक्रॉनच्या २.७५ अब्ज डॉलरच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. त्यातला निम्मा खर्च केंद्राचा, आणखी वीस टक्के गुजरात राज्याचा. तिथे चिपा घडत नाहीत. बाहेर घडलेल्या डीरॅम आणि नँड चिपांची तपासणी व बांधणी होते. भारतीय करदात्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची मालक कंपनीच आता किरकोळ बाजारातून अंग काढून घेते आहे. कराराच्या चौकटीत हे गैर नाही. तरीही असे अर्थसाहाय्य देताना किरकोळ पुरवठ्याचा विचार कोणी मांडला असता तर बरे झाले असते, असे वाटते. इंडिया एआय मिशनने ३८ हजारांहून अधिक जीपीयू ताशी सुमारे ६५ रुपये दराने संशोधकांना उपलब्ध केले, ही चांगली गोष्ट आहे. पण ती यंत्रे मॉडेले शिकवण्यासाठी आहेत. खेळ घडवणाऱ्याला कार्ड आपल्या टेबलावर लागते.

देशी प्रोसेसरांचे काम चालू आहे. आयआयटी मद्रासची शक्ती मालिका, सी-डॅकची वेगा, मोहालीत १८० नॅनोमीटरवर घडलेला अवकाश कार्यक्रमाचा विक्रम ३२०१ ही त्याची उदाहरणे. त्यांची कामे वेगळी आहेत आणि खेळांच्या संगणकात ती येणार नाहीत, निदान या विद्यार्थ्याचे शिक्षण संपेपर्यंत तरी.

तेव्हा त्याच्या यादीत सध्या फरक पडतो तो एका जागी. १९९८ मध्ये प्रोसेसर महाग होता, २०२१ मध्ये कार्ड, आज रॅम. कार्ड पुढे ढकलता येते कारण पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर मिळतो. रॅम पूर्णपणे ढकलता येत नाही, पण अर्धी येते, आणि त्यासाठी मदरबोर्ड निवडतानाच खाचा मोजाव्या लागतात. ए५२० च्या अनेक स्वस्त बोर्डांवर रॅमच्या दोनच खाचा असतात. बी५५० च्या बऱ्याच बोर्डांवर चार. किमतीतला फरक साधारण एका दिवसाच्या सहलीइतका. दोन खाचांच्या बोर्डावर ८-८ च्या पट्ट्या लावल्या की पुढे ३२ जीबी करताना त्या काढून विकाव्या लागतात. चार खाचांच्या बोर्डावर दोन भरायच्या, दोन रिकाम्या ठेवायच्या, आणि आज घेतलेल्या पट्ट्यांची कंपनी, गती आणि टायमिंग एका कागदावर टिपून कॅबिनेटच्या आत चिकटवायचे. भाव उतरल्यावर तशीच जोडी मिळाली तर उत्तम. वेगळी मिळाली तर चारही पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या गतीने चालतील, एवढे लक्षात ठेवायचे. लॅपटॉप घेणाऱ्याने मात्र रॅम बोर्डाला कायमची डकवलेली आहे की खाचेत आहे, हे दुकानातच विचारून घ्यावे.